फवारणीनंतर कीड जिवंत दिसते: औषध चाललं नाही, की किडीचं वागणं बदललं?

हिरवंपान

कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला, म्हणजे डीबीएमला, धरून विचारतोय. पण प्रश्न या एका किडीपुरता नाही.

सायपरमेथ्रिन किंवा लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड फवारलं की थोड्याच वेळात अळ्या तडफडून खाली पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या बऱ्याच पुन्हा पानावर असतात. उलट क्लोरँट्रानिलीप्रोल किंवा इमामेक्टिन बेंझोएट फवारलं तर संध्याकाळपर्यंत अळी जागच्या जागी, डिवचली तर हलतेही. मग औषध लागू पडलं नाही असं समजून तिसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी मारलं जातं. माव्यावर पायमेट्रोझीन मारल्यावरही तेच, दोन दिवस मावा जसाच्या तसा.

पडलेली अळी मेली की नुसती बेशुद्ध आहे, हे ओळखायचं कसं? कोणत्या औषधानंतर किती वेळाने मोजायचं? आणि मरण्याइतकी नाही पण थोडी मात्रा लागली, तर उरलेली कीड पुढे कशी वागते? कमी खाते, पळून जाते, की जास्त अंडी घालते? "औषध मारल्यावर कीड वाढली" हे इतक्यांदा कानावर येतं की त्यामागे काहीतरी कारण असणारच. ढोबळ सल्ला नको, नेमकं सांगा.

दहापटभिंग

तुम्ही दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजताय, घोळ तिथे आहे. आधी पायरेथ्रॉइडचं बघू.

मज्जातंतूत संदेश जाताना सोडियमच्या मार्गिका क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. पायरेथ्रॉइड त्या मिटू देत नाही. तंतू एकदा चेतला की चेतलेलाच राहतो. म्हणून अळी आधी सैरभैर धावते, अंग पिळते, तोंडातून हिरवं पाणी टाकते आणि मग पायांची पकड सुटून पडते. या पडण्याला नॉकडाऊन म्हणतात, आणि नॉकडाऊन म्हणजे मृत्यू नव्हे. अंगावर बसलेली मात्रा अपुरी असेल तर अळीच्या शरीरातली विकरं (एन्झाइम) काही तासांत औषध फोडून निकामी करतात. अळी सावरते आणि वर चढते. डीबीएमची अळी तर पूर्ण पडतही नाही. डिवचली गेली की रेशमी धाग्याला लोंबकळते आणि सगळं शांत झालं की त्याच धाग्यावरून पानावर येते. फवारणी चालू असताना ती तुषारांखाली थांबतच नाही, त्यामुळे तिला मात्राही कमी लागते. खाली पडलेल्या अळ्या बघून समाधान होतं खरं, पण नेमक्या त्याच पडण्याने काही अळ्या वाचतात.

तापमानाकडेही लक्ष द्या. बहुतेक पायरेथ्रॉइडं थंडाव्यात जास्त मारक असतात आणि उन्हाच्या तडाख्यात कमी, कारण गरम शरीरात विकरं जोरात चालतात आणि तंतूही लवकर सावरतो. ऑर्गनोफॉस्फेट गटात साधारणपणे याच्या उलट असतं. त्यामुळे भर दुपारी मारलेल्या पायरेथ्रॉइडनंतर उठून बसणाऱ्या अळ्या जास्त दिसतात.

आता ओळखायचं कसं. पडलेल्या वीस-पंचवीस अळ्या मऊ ब्रशने उचलून, जाळीचं झाकण असलेल्या डबीत, *न फवारलेल्या* स्वच्छ पानावर ठेवा. डबी सावलीत ठेवा. २४ तासांनी आणि ४८ तासांनी बघा. अळी पाठीवर उलटी करा. सुलटी होऊन नीट चालली तर ती वाचली. नुसतं शेवटचं टोक थरथरतं, पाय ताळमेळ सोडून हलतात, सुलटी होता येत नाही, तर ती "बाधित", आणि ४८ तासांनीही तशीच असेल तर मेलेल्यांत धरा. डिवचूनही काहीच हालचाल नसेल तर मेली. तासाभरातला आकडा वहीत लिहा, पण त्यावर निर्णय घेऊ नका.

या निरीक्षणातून आणखी एक गोष्ट कळते. *पडून उठली* आणि *पडलीच नाही* यात फरक आहे. पडून उठणाऱ्या अळ्यांत बहुतेकदा मात्रा कमी बसलेली असते किंवा विकरं वाढलेली असतात. तुषार अंगावर भरपूर बसूनही अळीला काहीच होत नसेल तर सोडियम मार्गिकेतच बदल झाल्याचा संशय घ्यावा. हा प्रकार आधी घरमाशीत डीडीटीच्या बाबतीत दिसला आणि पायरेथ्रॉइडलाही तीच मार्गिका लागत असल्याने तो दोघांनाही लागू पडतो. अशा वेळी एका पायरेथ्रॉइडऐवजी दुसरं पायरेथ्रॉइड घेऊन काही साधत नाही.

दहापटभिंग

दुसरा भाग वेगळा लिहितो, वरचं फार लांबलं.

क्लोरँट्रानिलीप्रोल, फ्लुबेंडिअमाइड ही डायमाइडं स्नायूंतला कॅल्शियमचा साठा रिकामा करतात. अळी तडफडत नाही. आधी जबडा चालेनासा होतो, मग अंग आखडून आखूड दिसायला लागतं, आणि मृत्यू साधारण दोन ते चार दिवसांत येतो. खाणं मात्र पहिल्या काही तासांतच, बऱ्याचदा मिनिटांत, थांबतं. इमामेक्टिनमध्ये अळी उलट ढिली पडते, हातात घेतली तर लोंबते. खाणं काही तासांत बंद, मृत्यू दोन ते चार दिवसांत. इंडोक्झाकार्ब अळीच्या पोटात गेल्यावर तिच्याच विकरांमुळे खऱ्या विषात बदलतं, म्हणून थोडा उशीर धरावा लागतो. बीटीची (बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची) भुकटी पोटातच काम करते. आतड्याचं अस्तर फुटतं, खाणं थांबतं, आणि अळी मऊ पडून दोन ते पाच दिवसांत काळी पडते.

म्हणून या औषधांनंतर "अळी हलते का" हा प्रश्नच चुकीचा आहे. *अळी खाते का* हे बघा. फवारणी वाळल्यावर हातमोजे घालून दहा झाडांवरच्या प्रत्येकी दोन पानांना दोरा बांधा, त्यावरची सगळी विष्ठा ब्रशने झटकून टाका आणि प्रत्येक छिद्राभोवती पेनाने रेघ मारा. २४ तासांनी परत बघा. ताजी विष्ठा ओलसर, हिरवी आणि बोटाने चिरडली जाणारी असते; जुनी काळपट आणि कोरडी. रेघेबाहेर छिद्र सरकलं नाही आणि नवी विष्ठा नाही, तर अळी जिवंत दिसली तरी पिकाच्या दृष्टीने संपली. तिसऱ्या दिवशी घाईने दुसरी फवारणी करायची गरज नाही.

अपवाद वाढनियंत्रकांचा. नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन मिळालेली अळी पुढची कात टाकेपर्यंत *खातच राहते*. नवी त्वचा धड बनत नाही, आणि अळी जुन्या कातीत अडकून मरते. डोक्यावर जुनं कवच टोपीसारखं लटकलेलं दिसतं. इथे पाच ते सात दिवसांनीच मोजा. मोठ्या अळीवर हे मारलं तर ती मरेपर्यंत नुकसान करून मोकळी होते, म्हणून हे औषध अंडी आणि लहान अळ्या दिसताना वापरायचं.

एनपीव्हीचं, म्हणजे अळ्यांना रोग लावणाऱ्या विषाणूच्या औषधाचं, वागणं तर याहून वेगळं. रोगट अळी मरण्याआधी झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि मागच्या पायांनी उलटी लटकते. त्वचा फुटून आतलं द्रव खालच्या पानांवर गळतं, आणि ते खाऊन पुढच्या अळ्या आजारी पडतात. शेंड्यावर अळ्या वाढलेल्या दिसल्या म्हणून लगेच रासायनिक फवारणी केली तर हा पुढचा प्रसार आपणच तोडतो.

रसशोषक

भिंगदादांनी अळ्यांचं सांगितलंय, मी रस शोषणाऱ्यांचं सांगते. इथे फसगत जास्त होते कारण खाल्ल्याची खूण पानावर दिसत नाही.

पायमेट्रोझीन आणि फ्लोनिकॅमिड माव्याला लगेच मारत नाहीत. पायमेट्रोझीन किडीच्या सांध्यांमधल्या ताण ओळखणाऱ्या ज्ञानेंद्रियांवर काम करतं. परिणाम असा की मावा पानावर बसलेला असतो, चालतो, पण सोंड पानात खुपसून रसवाहिनीपर्यंत नेऊ शकत नाही. खाणं लवकरच बंद होतं आणि मग तो काही दिवसांत उपाशी मरतो. दुसऱ्या दिवशी मावा मोजून औषधाला नापास करणं म्हणजे उत्तरपत्रिका न तपासता निकाल लावणं.

खात्री करायला चिकटा बघा. रस शोषणारी कीड मागून मधासारखा चिकट थेंब टाकते; शोषण थांबलं की थेंब थांबतो. माव्याच्या वसाहतीखाली काचेची पट्टी किंवा काळा प्लॅस्टिकचा गुळगुळीत तुकडा सहा तास आडवा धरून ठेवा. तो फवारणीच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, दोन्हीवेळा त्याच तासांत ठेवा, कारण ऊन-सावलीप्रमाणे शोषण बदलतं. तिरप्या उजेडात धरून चकाकते ठिपके मोजा. ठिपके जवळजवळ बंद झाले असतील तर औषध चाललं. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यासाठी प्रयोगशाळेत ब्रोमोक्रेसॉल ग्रीन लावलेला गाळणकागद वापरतात. अन्नवाहिनीतला रस प्यायलेल्या किडीचा थेंब त्यावर निळा उमटतो, म्हणजे नुसतं किती प्यायलं एवढंच नाही तर कुठून प्यायलं तेही कळतं.

दुसरी खूण पिल्लांची. माव्याची मादी नर नसतानाही थेट पिल्लं देते. वसाहतीत बारीक, फिकट, नुकती जन्मलेली पिल्लं दिसेनाशी झाली तर मोठे मावे दिसत असले तरी हरकत नाही.

इमिडाक्लोप्रिडसारख्या निओनिकोटिनॉइडचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. भरपूर मात्रेत ते मारतं. पण बीजप्रक्रिया किंवा मुळाशी दिलेलं औषध जसजसं झाडात पातळ होत जातं, तसतसा एक काळ असा येतो की मात्रा मारायला अपुरी आणि त्रास द्यायला पुरेशी असते. तेव्हा मावा सोंड खुपसतो, काढतो, जागा बदलतो, चिकटा कमी टाकतो. हा मावा औषध नसलेल्या पानावर ठेवला तर पुन्हा नीट खायला लागतो. कोलोरॅडो बटाटा भुंग्यातही इमिडाक्लोप्रिडने लुळे पडलेले भुंगे काही दिवसांनी उठून चालू लागल्याचं नोंदलेलं आहे.

या अस्वस्थ भटकण्याचा धोका म्हणजे विषाणू रोग. पोटॅटो व्हायरस वाय किंवा काकडीवर्गातला मोझॅक माव्याच्या सोंडेच्या टोकावरून जातो, आणि त्याला काही सेकंदांचं टोचणं पुरतं. कोणतंही औषध इतक्या झटपट मारत नाही. उलट पायरेथ्रॉइडने डिवचलेला पंखाचा मावा चार झाडं जास्त टोचून मग मरू शकतो. इथे कीटकनाशकापेक्षा खनिज तेलाची फवारणी, आच्छादन आणि रोगट झाडं लवकर उपटणं जास्त कामाचं. पांढऱ्या माशीतून पसरणाऱ्या पर्णगुच्छाचं गणित निराळं आहे. तो विषाणू घ्यायला माशीला बराच वेळ सलग रस प्यावा लागतो आणि तो तिच्या शरीरातून फिरून लाळेत यायला काही तास जातात. त्यामुळे शोषण लवकर थांबवणारं आंतरप्रवाही (झाडाच्या रसातून फिरणारं) औषध तिथे खरोखर उपयोगी पडतं.

पांढऱ्या माशीची मोजणी फवारणीनंतर तासाभरात कधीच करू नये. पंपाचा आवाज, वारा आणि औषधाचा डिवचणारा परिणाम यांनी माश्या उडून शेजारच्या ओळींत बसतात. २४ ते ४८ तासांनी, सकाळी गारव्यात, पान देठाजवळ धरून *हळूच* उलटं करा आणि मोजा. आणि पानाखाली चिकटून बसलेली पिल्लं भिंगातून वेगळी मोजा. ती उडत नाहीत, खोटं चित्रही दाखवत नाहीत.

हिरवंपान

खूप स्पष्ट झालं, रसशोषकताई आणि भिंगदादा दोघांचेही आभार. तीन गोष्टी राहिल्या. पायरेथ्रॉइडनंतर लाल कोळी वाढतो तो खरंच औषधाने, की हवामानाने? फवारणीनंतर कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर ओढणाऱ्या सापळ्यात, पतंग एकदम कमी येतात, तो आकडा किती धरायचा? आणि अर्धा डोस मारला तर "निदान अर्धी तरी मरेल" हे गणित का चुकतं?

पाठीमागचेशत्रू

कोळ्याचं कारण एक नाही, तीन आहेत आणि तिन्ही एकाच वेळी चालतात.

पहिलं म्हणजे कोळी खाणारे भक्षक कोळी, लेडीबर्ड, क्रायसोपा हे मित्र पायरेथ्रॉइडने कोळ्यांआधी मरतात. दुसरं वागण्याचं. कोळी जाळ्यात दाटीवाटीने राहतो आणि दाटीत माद्या कमी अंडी घालतात. पायरेथ्रॉइड कोळ्याला पुरेसं मारत नाही, पण डिवचतं. माद्या वसाहत सोडून नव्या, मोकळ्या पानांवर विखुरतात आणि तिथे दाटी नसल्याने अंडी वाढतात. पंपाचा फवारा जणू बी पेरल्यासारखा कोळी पेरतो. तिसरं, काही औषधांच्या अपुऱ्या मात्रेने प्रजननच वाढतं. इमिडाक्लोप्रिड कोळ्याला मारत नाही, पण काही पिकांत आणि झाडांत त्याच्यानंतर कोळ्यांची अंडी वाढलेली आढळली आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये लांबशिंगी भुंग्यासाठी एल्मच्या झाडांना इमिडाक्लोप्रिड दिलं, आणि त्या झाडांवर कोळ्यांचा उद्रेक झाला. अभ्यासात कारणं दोन निघाली: भक्षकांवर परिणाम आणि कोळ्यांची वाढलेली अंडी. उष्ण, कोरडी हवा या सगळ्याला वेग देते, पण एकट्या हवेला दोष देणं बरोबर नाही.

शंका असेल तर फवारणीआधी आणि सात दिवसांनी वीस पानं भिंगाखाली बघा आणि कोळी, कोळ्यांची अंडी आणि भक्षक कोळी असे तीन आकडे वेगळे लिहा. भक्षक कोळी थेंबासारखा चकचकीत, ठिपके नसलेला आणि फार चपळ असतो. पानाला फुंकर मारली की पळतो. त्याचा आकडा शून्यावर आणि अंडी दुप्पट, तर कारण मिळालं.

"औषधाने कीड वाढली" याचं सर्वांत मोठं आणि महागात पडलेलं उदाहरण भाताचं आहे. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९७० आणि ८० च्या दशकांत दाखवलं गेलं की डेल्टामेथ्रिन आणि मिथाइल पॅराथिऑनसारख्या औषधांनंतर तपकिरी तुडतुडे कमी न होता वाढतात. मादी जास्त खाते, जास्त अंडी घालते. अंडी पानाच्या आवरणात पुरलेली असल्याने वाचतात, आणि तुडतुडे व त्यांची अंडी खाणारे जाळ्यातले मोठे कोळी (स्पायडर), भक्षक ढेकूण मात्र मरतात. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली, ती याच तुडतुड्याच्या उद्रेकापायी.

तुमचा अर्ध्या डोसचा प्रश्न इथेच येतो. मात्रा अर्धी केली की मरणाऱ्यांचं प्रमाण अर्धं होतंच असं नाही, कारण मात्रा आणि मृत्यू यांचं नातं सरळ रेघेत नसतं. कधी मृत्यू बराच घसरतो. आणि उरलेले "अर्धे" पहिल्यासारखे नसतात. काही डिवचून पळालेले, काही जास्त अंडी घालणारे, आणि त्यातले सर्वांत काटक पुढच्या पिढीचे आईबाप. अर्धा डोस फक्त मापाने होतो असंही नाही. झाडाच्या आतल्या पानांवर तुषार न पोचणं, अल्कधर्मी पाण्यात द्रावण रात्रभर ठेवणं, नोझल झिजल्याने थेंब मोठे होऊन ओघळणं, वाढलेल्या पिकाला लहान पिकाइतकंच पाणी वापरणं, हे सगळे अर्धे डोसच आहेत. मला विचाराल तर डोस वाढवण्याआधी नोझल बदला.

दहापटभिंग

सापळ्यांचं मी सांगतो. गुलाबी बोंडअळीच्या नर पतंगांवर १९८० च्या दशकात परमेथ्रिनचे प्रयोग झाले. न मारणाऱ्या मात्रेनंतरही नर पतंग गंधाच्या धाग्यावरून मादीपर्यंत उडत पोचण्यात कमी पडले. पतंग जिवंत, पण गंध ओळखून वाऱ्याविरुद्ध उडण्याचं काम बिघडलेलं. दुसऱ्या एका पतंगावर क्लोथियानिडिनचे प्रयोग झाले, त्यात न मारणाऱ्या एका मात्रेत प्रतिसाद घटला आणि दुसऱ्या मात्रेत उलट *वाढला*. म्हणजे दिशाही ठरलेली नाही.

त्यामुळे फवारणीनंतरच्या पहिल्या काही रात्रींचा सापळ्याचा आकडा उद्रेक ओसरल्याचा पुरावा म्हणून वापरू नका. पतंग सावरले की आकडा परत चढतो आणि "नवी लाट आली" असा गैरसमज होतो. तोवर हिरव्या बोंडांचा नमुना कापून बघा, किंवा डीबीएम असेल तर पानामागची अंडी आणि लहान अळ्या मोजा.

पाठीमागचेशत्रू यांच्या मुद्द्यात एक भर. प्रतिकारशक्ती आलेली कीड सगळ्याच बाबतीत तगडी होते असं नाही. पीच मावा, म्हणजे *मायझस पर्सिकी*, यात प्रतिकारक वाण धोक्याच्या गंधाला कमी प्रतिसाद देतात. शेजारचा मावा पकडला गेला की तो गंध सोडतो, बाकीचे सोंड काढून पळतात. हे मात्र बसून राहतात आणि परोपजीवी गांधीलमाशीला सापडतात. औषधाचा मारा थांबवून तिला वाव दिला तर हा तोटा आपल्या कामी येतो.

मोजमाप

सगळं वाचलं. एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नाही. शेतातल्या निरीक्षणावरून "औषध चाललं नाही" आणि "औषध पोचलं नाही" यात फरक करता येत नाही. त्यासाठी पान बुडवून चाचणी करा. घरी जमते, मात्र स्वयंपाकाची भांडी, मापं वापरू नका आणि वापरलेली डबी पुन्हा खाण्याच्या वस्तूंना लावू नका.

लेबलवरची मात्रा लिटरला ०.४ मिली आहे असं धरा. २०० मिली द्रावणाला ०.०८ मिली लागेल, आणि ते सरळ मोजता येत नाही. इथेच बहुतेकांची चाचणी बिघडते. म्हणून १ मिली औषध सिरिंजने ९९ मिली पाण्यात मिसळून आधी पातळ साठा करा. त्यातलं नीट हलवून ८ मिली घ्या आणि १९२ मिली पाणी घाला. दाणेदार किंवा भुकटी औषध असेल तर १ ग्रॅम, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर. पाणी तेच घ्या जे फवारणीला वापरता, आणि स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारा पदार्थ) वापरत असाल तर औषधाच्या आणि साध्या पाण्याच्या, दोन्ही भांड्यांत सारखाच घाला.

औषध न लागलेल्या झाडांवरची, एकसारख्या वयाची पानं घ्या. औषधात १० सेकंद बुडवा, हलकेच हलवा, दोरीवर सावलीत पूर्ण वाळू द्या. एक-दोन तास लागतात. ओलं पान ठेवलं तर अळ्या बुडून मरतात आणि निकाल खोटा चांगला येतो. साध्या पाण्यात बुडवलेली पानं वेगळी. डबीत ओलसर गाळणकागद, त्यावर पान, त्यावर पाच अळ्या, मध्यम वयाच्या, दुसऱ्या ते तिसऱ्या अवस्थेतल्या. प्रत्येकी चार डब्या, म्हणजे औषधाच्या २० आणि पाण्याच्या २० अळ्या. घाटेअळी एकमेकींना खाते, तिला एका डबीत एकच. डबी उन्हात नको. २५ अंशांच्या आसपास चांगलं.

पायरेथ्रॉइड ४८ तासांनी, डायमाइड, इमामेक्टिन, इंडोक्झाकार्ब ७२ ते ९६ तासांनी, वाढनियंत्रक कात टाकल्यानंतर वाचा. पाण्याच्या डब्यांतही काही अळ्या मरतात, ते वजा करायला ॲबटचं १९२५ चं सूत्र आहे. समजा औषधात २० पैकी १७ मेल्या, म्हणजे ८५ टक्के. पाण्यात २० पैकी २, म्हणजे १०. मग ८५ वजा १० म्हणजे ७५, त्याला १०० वजा १० म्हणजे ९० ने भागा, १०० ने गुणा: ८३.३ टक्के. पाण्याच्या डब्यांत वीस टक्क्यांहून जास्त मेल्या तर चाचणी रद्द, पुन्हा करा.

डबीत मेल्या आणि शेतात नाही मेल्या, तर तुमचा प्रश्न पोचण्याचा किंवा वागण्याचा आहे. डबीतही जिवंत, तर प्रतिकाराचा संशय, गट बदला. आणि एक तिसरा निकाल येतो, तो दुर्लक्षित राहतो: अळ्या जिवंत, पण पान जवळजवळ अखंड आणि सगळ्या अळ्या डबीच्या *झाकणावर* चढलेल्या. हा डिवचण्याचा परिणाम आहे. शेतात अशा अळ्यांना झाकण नसतं, त्या न भिजलेल्या पानावर जातात. म्हणून चाचणीत मेल्या-जगल्याबरोबर अळी कुठे बसली आहे आणि पान किती चौरस मिलिमीटर खाल्लं, हेही लिहा. पान पारदर्शक आलेखकागदाखाली ठेवून चौकटी मोजल्या की खाल्लेला भाग मिळतो.

हिरवंपान

झाकणावर चढलेल्या अळ्या! हे चाचणीत चूक समजून सोडून दिलं जातं. मग अशा वेळी औषध बदलायचं, की फवारण्याची पद्धत?

मोजमाप

आधी पद्धत. डिवचून पळणाऱ्या किडीला पळायला जागाच उरू नये अशी फवारणी हवी. कोबीत नोझल खालून वर, पानाची मागची बाजू आणि गड्ड्याभोवतीची पानं भिजतील अशी. ओळीच्या एकाच बाजूने फवारलं तर अळ्या दुसऱ्या बाजूला जातात, म्हणून दोन्ही बाजूंनी. मक्यावर लष्करी अळीला फवारा वरून पोंग्यातच जायला हवा. तिची विष्ठा पोंग्यात बुचासारखी बसते आणि बाहेरून भिजवलेलं काहीच आत पोचत नाही. तंबाखूवरची पानं खाणारी स्पोडोप्टेरा मोठी झाली की दिवसा मातीत, पालापाचोळ्यात दडते आणि रात्री खाते, तिच्यासाठी संध्याकाळी. इमामेक्टिन तर तसंही उन्हात पानाच्या पृष्ठभागावर लवकर विघटित होतं. संध्याकाळी मारलं तर पानात मुरायला रात्र मिळते.

पद्धत सुधारूनही अळ्या झाकणावरच जात असतील, तर स्पर्शाने डिवचणारं औषध सोडून खाल्ल्यावर काम करणारं, न डिवचणारं औषध घ्या. डायमाइड किंवा बीटी चालेल, फक्त मागच्या पिढीवर जो गट वापरला तो लगेच परत नको.

रसशोषक

निंबोळी अर्काबद्दल एक ओळ घालते. ॲझाडिरॅक्टिन मुख्यतः खाणं आणि अंडी घालणं रोखतं, वाढ बिघडवतं. वाळवंटी टोळ तर ते लागलेलं पान चाखून सोडून देतो. त्यामुळे निंबोळीनंतर दुसऱ्या दिवशी मेलेली कीड शोधू नका. वर भिंगदादांनी सांगितलेल्या रेघा मारलेल्या पानांवरच तिचा निकाल बघा, आणि न फवारलेल्या कडेच्या दोन ओळीही तपासा. रोखलेल्या माद्या अंडी घालायला बहुधा तिथेच जातात.